शित्झू: फ्लॅटमध्ये, आपल्या हवेत आणि रोजच्या वेळेत बसतो का?

रानजाई
नमस्कार मंडळी. पुण्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट आहे. घरात सत्तरीला आलेले आईबाबा. त्यांना लहान चणीचा, लांब केसांचा, जवळ येऊन बसणारा कुत्रा हवा आहे आणि गाडी सारखी शित्झूवर येऊन थांबते. विकणारे सगळे एकच पाढा म्हणतात: भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवावं लागत नाही. तिन्ही गोष्टी अर्धवट असाव्यात अशी मला दाट शंका आहे.

तर विचारायचं ते असं. स्वभाव नक्की कसा, आणि ल्हासा अप्सो या जवळच्या जातीपेक्षा वेगळा कुठे? केस वाढवायचे की कापायचे, घरी रोज किती वेळ जातो? आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय बिघडतं? आपापल्या लाडक्यांचे किस्से दुसऱ्या धाग्यावर भरपूर आहेत, इथे नेमकी माहिती द्या ही विनंती.

डोंगरवाट
स्वभावापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

शित्झूचं मूळ तिबेटकडचं, पण घडला तो चीनच्या राजवाड्यात. सम्राज्ञी त्सुशीच्या दरबारात हे कुत्रे पाळले जात. १९३० च्या सुमारास ते ब्रिटनमध्ये पोचले, अमेरिकन केनेल क्लबने १९६९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. शिकार, राखण, गुरं वळणं यातलं एकही काम याच्याकडून कधी अपेक्षित नव्हतं. माणसाजवळ असणं हेच त्याचं काम. त्यामुळे अनोळखी माणूस आला तरी शेपटी हलते. राखणीसाठी हवा असेल तर हा कुत्रा नव्हे, चोराला आपला चेंडू आणून देईल.

ल्हासा अप्सो तिबेटच्या मठांमध्ये आतल्या बाजूचा पहारेकरी होता. परक्याबद्दल संशय, आवाजाला लगेच भुंकणं, मनाविरुद्ध हात लावला तर गुरगुरणं हे त्याच्यात जास्त. दिसण्यातला फरक नाकावर बघा: शित्झूचं नाकाड साधारण एक इंच, ल्हासाचं दीड इंच. शित्झूचे डोळे मोठे, गोल, समोर बघणारे. ल्हासाचे लहानसर आणि केसांआड. आपल्याकडे दोघांच्या संकरातली पिल्लं सर्रास शित्झू म्हणून विकली जातात. तब्येतीला त्याने काही बिघडत नाही, पण स्वभाव ल्हासाकडे झुकू शकतो.

भुंकत नाही हे खोटं. दाराची बेल वाजली की भुंकतो, फक्त लवकर थांबतो. हट्टी मात्र नक्की आहे. ओरडलं की बसून राहतो, खाऊ आणि कौतुक असलं की शिकतो. शी-शू शिकवायला बऱ्याच जातींपेक्षा जास्त महिने लागतात, ही तयारी हवीच. पिल्लाला महिन्याच्या वयात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त रोखू शकतं. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू चार तास, आणि तेही कसंबसं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी न्यायचं, काम झाल्या क्षणी खाऊ. फरशीवर चुकून झालं तर फिनेल नको, एन्झाइमचा क्लीनर वापरा. वास राहिला की तीच जागा पक्की होते.

पिंपळपान
+१. आणि एकटं राहणं त्याला मानवत नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा. दिवसभर कुलूप असलेल्या घरात हा कुत्रा आणूच नये. आईबाबा घरी असतात, म्हणजे ही बाजू भक्कम आहे.

चांदणी_चौक
केसांबद्दल.

केस गळत नाहीत याचा खरा अर्थ असा: गळतात, पण जमिनीवर पडत नाहीत, वरच्या लांब केसांत अडकून बसतात. तिथेच गुंता होतो, गुंत्याची गाठ होते, गाठीची जट. जट कातडी ओढून धरते, खाली हवा जात नाही, ओल राहते, मग लाल चट्टे. म्हणून विंचरणं हा आरोग्याचा भाग आहे.

सामान तीनच: पिन ब्रश, दोन बाजूंना वेगळे दात असलेला स्टीलचा कंगवा, आणि फवारणीची बाटली. बाटलीत पाणी आणि त्यात कुत्र्यांच्या कंडिशनरचे थोडे थेंब. कोरड्या केसांवर ब्रश कधीच नको, केस तुटतात.

पद्धत: कुत्र्याला कुशीवर झोपवा. पोटाकडून सुरुवात. डाव्या हाताने वरचे सगळे केस वर धरून ठेवा आणि खाली बोटभर रुंदीची एकच ओळ मोकळी सोडा. कातडी दिसली पाहिजे. त्या ओळीवर हलका फवारा, आधी टोकं, मग मधला भाग, मग मूळ. नंतर कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच पुढची ओळ सोडायची. असं पाठीच्या कण्यापर्यंत चढत जायचं. वरवर ब्रश फिरवला की वरून रेशीम आणि आत नमदा, हे नेहमीचं दृश्य आहे.

गाठी हमखास कुठे? कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे. घरात हार्नेस काढून ठेवा. गाठ सापडली तर मुळाशी दोन बोटांनी चिमटीत धरा म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि कंगव्याच्या कडेच्या दाताने टोकाकडून थोडी थोडी सोडवा. कात्री लावायची वेळ आली तर आधी गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वरून कापा. जखमा होतात त्या हा कंगवा न घातल्यामुळे.

सर्वांत महत्त्वाचं: अंघोळीच्या आधी सगळा गुंता काढा. पाणी लागलं की गाठ आवळते.

दहा ते बारा महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा काही आठवडे रोज नव्या गाठी होतात. बरेच लोक नेमके इथे हात टेकतात. हा काळ जातो.

नेत्रपल्लवी
केसांवर सगळे भरभरून लिहितात, माझं मत असं की या जातीत केस दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर डोळ्यांचा.

खोबणी उथळ, डोळा बाहेर आलेला, पापण्या काही कुत्र्यांच्या झोपेतही पूर्ण मिटत नाहीत. त्यामुळे बुबुळ कोरडं पडतं, नाकावरचे केस टोचतात, खेळताना खुर्चीचा पाय किंवा मांजराचं नख लागतं, आणि बुबुळावर व्रण होतो. लक्षणं ओळखायला सोपी आहेत: एक डोळा अर्धा मिटलेला, पंजाने चोळणं, एकाच बाजूने पाणी, निळसर धुरकटपणा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू म्हणण्याची ही गोष्ट नाही, खोल व्रण दिवसाभरात आरपार जाऊ शकतो.

घरात पडलेले जुने थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि आत व्रण असेल तर बुबुळ झपाट्याने विरघळतं. डॉक्टर हिरवट-पिवळा रंग टाकून व्रण तपासतात, त्यानंतरच औषध ठरतं.

रोजचं काम दोन मिनिटांचं. कापूस नको, धागे सुटतात. स्वच्छ गॉज उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचा, डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकाकडे पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा, मग कोरडं टिपून घ्यायचं. चिकट, पिवळा, दोरीसारखा स्राव रोज येत असेल तर ते साधं चिपाड नव्हे, डोळा कोरडा पडल्याची खूण आहे. कागदाची पट्टी लावून अश्रू मोजतात: मिनिटाला १५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक, १० च्या खाली गेलं तर उपचार लागतो. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घालतात, बहुधा आयुष्यभर.

आणखी एक. मानेची कातडी धरून उचलणं किंवा गळ्याच्या पट्ट्याला हिसका देणं या कुत्र्यांत डोळा खोबणीबाहेर यायला पुरेसं असतं. तसं झालंच तर आत ढकलायचा प्रयत्न करू नका. सलाइनने भिजवलेला गॉज वर धरा, खाजवू देऊ नका, थेट दवाखाना. म्हणून हार्नेसच वापरा, पट्टा फक्त बिल्ल्यापुरता.

सुपारी
डोळ्याखालचे तांबडे डाग कशाने जातात? नेटवर टायलोसिन मिसळलेल्या पावडरी दिसतात.

नेत्रपल्लवी
@सुपारी, टायलोसिन प्रतिजैविक आहे. डागांसाठी ते महिनोन्‌महिने देणं साफ चूक. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, केस ओले राहिले की तांबूस रंग चढतो. कोपरा कोरडा ठेवणं, नाकाच्या उंचवट्यावरचे केस आखूड ठेवणं, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. अचानक वाढले तर मात्र कारण शोधा: उलटी वळलेली पापणी, बंद झालेली अश्रूनलिका, दात.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरहून उन्हाळ्याबद्दल. इकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. आमच्याकडचे बहुतेक लोक एप्रिल लागला की मशिनने पार चकोट करतात. कुत्रा मोकळा होतो, गोचीड दिसतात, अंघोळ सोपी. पुस्तकी लोक काहीही म्हणोत, वऱ्हाडात लांब केस ठेवणं हा कुत्र्याचा छळ आहे.

चांदणी_चौक
@वऱ्हाडी_ठेचा, लांब केस नकोत इथपर्यंत शंभर टक्के सहमत. चकोट मात्र नको. १० नंबरचं ब्लेड दीड मिलिमीटर केस ठेवतं. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी उन्हात भाजते, फरशीवर आणि सतरंजीवर घासते, डास-माश्यांना मोकळं रान. १२ ते २५ मिलिमीटर केस ठेवले तर हवाही खेळते आणि कातडीही झाकलेली राहते. १० नंबर फक्त तळव्याच्या गाद्यांमध्ये आणि शी-शूच्या जागी. ब्लेड तापतं, म्हणून दर थोड्या मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. आपल्याला चटका तर त्यालाही चटका.

वऱ्हाडी_ठेचा
१२ ते २५ मिलिमीटरची गोष्ट मान्य. गाद्यांमधले केस कापायचं तर लोक विसरतातच, मग टाइल्सवर पाय घसरतात.

पण खरा धोका केसांत नाही, नाकात आहे, हे लिहायचं राहून गेलं. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. चपट्या तोंडात ती सोय मुळात अपुरी. बाहेर ३० अंश आणि दमट हवा असली तरी याला त्रास होऊ शकतो. उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतर. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर नेऊ नका. कूलर, ओली फरशी, दोन ठिकाणी पाणी. गाडीत काच खाली करूनसुद्धा एकटा ठेवायचा नाही.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं: धाप थांबत नाही, लाळ घट्ट, हिरड्या विटकरी लाल, चाल झोकांड्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सियस. ४० च्या वर सरकलं की लगेच कामाला लागा. नळाचं पाणी अंगावर, पोटावर, काखांत ओता, पंखा सोडा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी नको. गार करणं आधी सुरू करा आणि तसंच करत दवाखान्यात न्या.

मिरची_भजी
वाचनखूण साठवली. एक शंका: मधेच घर्रघर्र करून उलटा श्वास ओढतो तो दमा का?

डोंगरवाट
@मिरची_भजी, बहुधा उलटी शिंक. उभा राहतो, मान ताणतो, नाकाने आत जोरात हवा ओढतो, मिनिटाच्या आत थांबतो आणि काही झालंच नाही असा खेळायला लागतो. घशावरून हळू हात फिरवा. पण जीभ निळसर पडत असेल, झोपेत दचकून उठत असेल, थोडं चालल्यावर आडवा होत असेल, तर नाकपुड्या अरुंद आहेत का ते तपासून घ्या. शस्त्रक्रियेने त्या रुंद करता येतात. भूल द्यायची असेल तेव्हा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची सवय असलेले डॉक्टर निवडा. श्वासनलिकेतली नळी पूर्ण जागा होईपर्यंत काढत नाहीत ना, हे आधी विचारायला संकोच करू नका.

सागरगोटा
पावसाळा मुंबईचा सांगते.

ओल हाच शत्रू. बाहेरून आल्यावर चारही पाय आणि पोट धुवा, टॉवेलने दाबून टिपा, रगडू नका, रगडलं की गाठी. मग ड्रायर कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, ब्रश करत करत. बोटांच्या बेचक्या आणि काखा कोरड्या झाल्या का ते बोट घालून बघा. अर्धवट ओला ठेवला तर आंबूस वास, तपकिरी मेण, खाज, म्हणजे यीस्टची बुरशी. कानांतही तेच. कान झाकलेले, केसाळ. आठवड्यातून एकदा कानाचं द्रावण घाला, बुडाशी चोळा, त्याला झाडू द्या, बाहेर आलेलं कापसाने पुसा. बड आत घालू नका.

अंघोळ दोन आठवड्यांनी पुरते. माणसांचा शाम्पू नको, आपली त्वचा आम्लधर्मी आणि कुत्र्याची जवळजवळ उदासीन. शाम्पू मगभर पाण्यात आधी पातळ करा, नाहीतर दाट केसांतून तो निघतच नाही आणि राहिलेला साबण खाजवतो.

गोचिडांमुळे एर्लिकिया आणि बबेसिया होतात, दोन्ही जिवावर बेतणारे. मानेवर सोडायचे थेंब वापरणार असाल तर केस दोन्हीकडे सारून कातडीवर पडले पाहिजेत, आणि आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. लांब केसांच्या कुत्र्याला तोंडाने द्यायची गोळी जास्त सोयीची पडते, फ्लुरॅलेनर बारा आठवडे पुरतं. फिट येण्याचा इतिहास असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या मुताने लेप्टो पसरतो. लस दरवर्षी, पावसाच्या आधी.

आमटीभात
खाण्यावर कोणीच नाही? आमच्या पिढीत दूध-पोळी खाऊन कुत्रे चौदा चौदा वर्षं जगले. हे महागडे दाणे खरंच लागतात का?

दाणापाणी
@आमटीभात, दाणे लागतातच असं नाही, समतोल लागतो. दूध-पोळीत प्रथिनं कमी, आणि मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. चिकन-भात दिला तर कॅल्शियम जवळजवळ शून्य आणि फॉस्फरस भरपूर, वाढत्या पिल्लाची हाडं त्यात वाकतात. घरचं द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून मापं लिहून घ्या आणि कॅल्शियमचं प्रमाण त्यांनीच ठरवू दे.

प्रमाण: नसबंदी झालेल्या, सहा किलोच्या मोठ्या शित्झूला दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी. म्हणजे बहुतेक कोरड्या खाद्याचे शंभरेक ग्रॅम, दोन वेळांत विभागून. वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत. एक मारी बिस्किट साधारण २५ कॅलरी, म्हणजे चहासोबत दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी दिली की एक चतुर्थांश जेवण झालं. आजी-आजोबांच्या घरी वजन असंच वाढतं. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. केसांमुळे जाडी दिसत नाही, चाचपूनच कळते.

कांदा आणि लसूण तांबड्या पेशी फोडतात, म्हणून फोडणीची आमटी नको. द्राक्षं, बेदाणे, मनुका मूत्रपिंड बंद पाडू शकतात. दिवाळीत बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा लक्षात ठेवा. चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलेलं च्युइंगगम, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, एकही नको.

तीन महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला द्या. उपाशी राहिलं आणि गळून थरथरायला लागलं तर साखर उतरली आहे. हिरड्यांवर मध चोळा आणि निघा.

दात: लहान जबड्यात ४२ दात दाटीने बसतात. दुधाचे सुळे सात महिन्यांनंतरही राहिले तर काढून टाकावे लागतात. कुत्र्यांची पेस्ट, मऊ लहान ब्रश, शक्यतो रोज. माणसांची पेस्ट नको.

आमटीभात
काट्याची गोष्ट पटली. बिस्किटाचा हिशोब ऐकून घरात दोन तट पडणार आहेत!

कायदेकानू
अवांतर, पण कामाचं. कुत्रा विकत घेणार असाल तर २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. नाही म्हणाला तर परत फिरा. महापालिकेचा परवाना काढा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. विष्ठा उचलण्याची जबाबदारी मात्र आपली, त्यात हयगय नको.

पिंपळपान
आणि टीकप, इम्पीरियल वगैरे नावांना भुलू नका. जातीच्या मानकात वजन चार ते सव्वासात किलो. त्याखालचा शित्झू म्हणजे वेगळी जात नसते, हाडं नाजूक आणि साखर उतरायचा धोका जास्त असलेला कुत्रा असतो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येते. केस आखूड ठेवले तर रोज नक्की किती वेळ? आणि सत्तरीच्या माणसांना उचलणं, नखं, अंघोळ हे झेपेल का?

चांदणी_चौक
१२ ते २५ मिलिमीटर केस ठेवले तर रोज दहा मिनिटं: डोळे, तोंडाभोवतीचे केस, जेवणानंतर मिशा पुसणं, दात. एक दिवसाआड कंगवा, पंधरा मिनिटं. जमिनीपर्यंत केस वाढवायचे तर रोज अर्धा तास, आणि त्यात सुट्टी नाही. आईबाबांसाठी आखूडच. दर चार ते सहा आठवड्यांनी ग्रूमर घरी बोलवा, त्याच वेळी नखंही. काळ्या नखातली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून अगदी चिमूटभर कापायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर लावून दोन मिनिटं दाबून धरायचं.

डोक्यावरच्या शेंडीची हौस असेल तर रबर सैल बांधा, डोळे वर ओढले जाता कामा नयेत. काढताना रबर ओढू नका, कात्रीने तोडा.

डोंगरवाट
उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी. ही जात लांब पाठीची आणि आखूड पायांची, मणक्यातली चकती सरकण्याचा धोका असतो. पलंगाला आणि सोफ्याला पायरी किंवा उतार लावा, उड्या मारू देऊ नका. किंकाळी फोडून पाठ कमानदार केली किंवा मागचे पाय ओढायला लागला तर तासांचा हिशोब असतो, थांबू नका.

रानजाई, माझा आग्रह असा की पिल्लू आणूच नका. चार-पाच वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घ्या. शी-शू बहुधा शिकलेली असते, केस बदलण्याचा काळ संपलेला, स्वभाव समोर दिसतो. घर बदलल्यामुळे सोडून दिलेले शित्झू प्राणी संस्थांकडे बऱ्याचदा असतात. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटांचं फिरणं त्याला पुरतं, आणि आईबाबांनाही.

नेत्रपल्लवी
अनुमोदन. बघायला जाल तेव्हा हे तपासा. आधी तोंड मिटलेलं असताना श्वास ऐका, शांत खोलीत घरघर ऐकू यायला नको. नाकपुड्या समोरून बघा: भोकं गोलसर उघडी हवीत, श्वास घेताना आत ओढली जाऊन फट उरत असेल तर अरुंद आहेत. दोन्ही डोळे सारखे उघडे, बुबुळ काचेसारखं चकचकीत. बेंबीशी मऊ गोळा म्हणजे हर्निया, या जातीत बऱ्याचदा असतो, लहान असेल तर नसबंदीच्या वेळी शिवून घेता येतो. चालताना मागचा पाय मधेच उचलून उडी मारत असेल तर गुडघ्याची वाटी सरकते आहे.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात रक्त आणि लघवी तपासून घ्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीची घनता दोन्ही. या जातीत मूत्रपिंडाचा जन्मजात दोष आढळतो आणि बाहेरून तो उशिरापर्यंत कळत नाही. फार पाणी पिणं आणि फार लघवी होणं ही पहिली खूण. पाण्याचं भांडं रोज एकाच खुणेपर्यंत भरलं तर बाबांच्या ते चटकन लक्षात येईल.

रानजाई
शनिवारी दोन संस्थांना फोन करते. आई विचारते आहे, हार्नेसचं माप कसं घ्यायचं?

सागरगोटा
पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीच्या सर्वांत रुंद जागी, केस दाबून टेप फिरवायची. आतून दोन बोटं जातील इतकं सैल. माप केस कापल्यानंतर घ्या, नाहीतर पहिल्या कटिंगनंतर तो त्यातून निसटेल.